पाइप सुटला, दाढी वाढली

डॉक्टरांनी माझा आणि माझ्या सासऱ्यांचा पाइप एकाच सकाळी बंद केला. आम्ही गेलो होतो वेगवेगळ्या तक्रारी घेऊन. मला जिना चढताना धाप लागत होती आणि त्यांच्या हातांना कंप सुटला होता. पण डॉक्टरांनी आमच्या छातीचे दोन्ही फोटो उजेडासमोर शेजारी शेजारी धरले, माझ्या बायकोकडे बघून "एकाच घरातले का?" असं विचारलं, आणि पुढे जे काही सांगायचं ते आम्हा दोघांना वगळून तिलाच सांगितलं. घरी पोचल्या पोचल्या दोन्ही पाइप, तंबाखूचे डबे, पाइप साफ करायच्या तारा असं सगळं तिच्या पिशवीत जमा झालं आणि संध्याकाळपर्यंत ते घरात नव्हतं. कुठे गेलं ते मी विचारलं नाही. असल्या चौकशा माणसाने आपली प्रकृती सांभाळून करायच्या असतात.

सासरे आमच्याकडेच राहतात. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर त्यांनी परक्यांच्या चुका शोधल्या आणि निवृत्त झाल्यावर तीच सेवा घरच्यांना देऊ केली. मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे तसं बघितलं तर माझाही पेशा चुका काढण्याचाच. पण ते मला आपल्या पंक्तीला बसवत नाहीत. जावई म्हणून मी त्यांच्या लेखी घाईत छापून गेलेला मजकूर आहे. आमच्या दोघांत बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि म्हणूनच पाइप फार सोयीचा होता. संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसायचं, पाइप भरायचा, दाबायचा, पेटवायचा, तो विझला की पुन्हा पेटवायचा. मध्ये कोणी काही बोलावं अशी अपेक्षाच नसे. आमच्यात जी काही आपुलकी तयार झाली होती ती या न बोलण्यातून झाली होती.

न ओढणाऱ्यांना हे पटायचं नाही, पण पाइपमध्ये ओढणं हा सगळ्यात छोटा भाग असतो. सिगारेटवाला घाईतला माणूस. त्याला धूर पाहिजे आणि लगेच पाहिजे. पाइपवाल्याला हाताला काम पाहिजे असतं. काम बारीक हवं, सावकाश होणारं हवं, त्याला चार अवजारं लागायला हवीत, ते सहज बिघडणारं हवं आणि घरातल्या इतर कोणाला अजिबात न जमणारं हवं. त्यामुळे पाइप सुटला की धूर आठवत नाही, हात आठवतात.

माझे हात मोकाट सुटले. ऑफिसात मी पेनांच्या स्प्रिंगा काढून टेबलावर मांडू लागलो. घरी पंख्याचं बटण का अडकतं ते बघायला घेतलं, तर पंखा एकाच वेगाने फिरायला लागला, आणि तो वेग कागद उडवायचा होता. बायकोने वायरमन बोलावला आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या कपाटात ठेवला. सासरे गॅलरीत जायचे बंद झाले. ते आपल्या खोलीत बसून राहू लागले आणि मी बाहेरच्या. आम्हाला एकत्र बसायला काही निमित्तच उरलं नाही.

शेवटी एका शनिवारी मी तंबाखूवाल्याच्या दुकानात गेलो. फक्त निरोप घ्यायला. इतक्या वर्षांचा संबंध असा फोनवरून तोडणं मला प्रशस्त वाटेना. दुकानदाराने माझी हकिकत शांतपणे ऐकली, हळहळ व्यक्त केली आणि मला दुकानाच्या दुसऱ्या भिंतीपाशी नेलं. तिथे काचेच्या कपाटात दाढीचे ब्रश होते, लाकडी डब्यांतले गोल साबण होते, चिनी मातीचे वाडगे होते आणि एक लांबलचक चामड्याचा पट्टा टांगलेला होता. तो म्हणाला की पाइपवाले एक ना एक दिवस या कपाटाकडे येतातच, काही पाइप सोडून आणि काही पाइप न सोडता. असं का, ते मी विचारलं.

"तुम्हा लोकांना एखादं काम लवकर उरकलं की चुकल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

माझं इतकं अचूक निदान डॉक्टरांनाही करता आलं नव्हतं. मी ब्रश घेतला, साबण घेतला, वाडगा घेतला, पट्टा घेतला. वस्तरा मात्र संपला होता. तो परदेशातून मागवावा लागेल आणि पार्सल थेट माझ्या पत्त्यावर येईल असं ठरलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की आजपासून मी प्लास्टिकच्या रेझरला हात लावणार नाही. पुढची दाढी होईल ती वस्तऱ्यानेच. बायकोने वस्तरा कधी येणार म्हणून विचारलं. मी म्हणालो, येईल. सासऱ्यांनी ताटातून मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांची स्वतःची दाढी तेव्हा चांगली वाढलेली होती. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी ती केली नव्हती. मध्ये बायकोने सलूनवाल्याला घरी बोलावलं होतं. पण तो अखंड बोलत होता, आणि बोलताना त्याने एक क्रियापद चुकवलं. सासऱ्यांनी मानेवर वस्तरा असताना ते दुरुस्त केलं. सलूनवाल्याने फक्त डावा गाल पूर्ण केला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला आमच्या इमारतीकडे यायला वेळ मिळेना.

वस्तरा येईपर्यंत हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी फेसाचा सराव सुरू केला. ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, निथळायचा, साबणावर फिरवायचा, मग वाडग्यात घोटायचा. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझ्याकडून साबणाचं सरबत झालं. दुसऱ्या खेपेला ते इतकं घट्ट झालं की ब्रश उभा राहिला. मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर बसून रोज घोटत होतो आणि घरभर साबणाचा लाकडासारखा वास पसरत होता. एकदा असाच घोटत असताना मागून आवाज आला.

"पाणी जास्त झालंय."

सासरे दारात उभे होते. पाइप सुटल्यापासून ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी मागे वळून काही विचारणार तेवढ्यात ते आत गेले. पण मी पाणी कमी केलं, आणि फेस जमला.

मग पट्टा. वस्तरा पट्ट्यावर पाजळायचा असतो आणि पट्टा कुठेतरी अडकवून ताणून धरायचा असतो. आमच्या घरात अशी जागा एकच, न्हाणीघराच्या दाराची कडी. मी पट्टा तिच्यात अडकवला आणि वस्तरा नाही तर नाही, म्हणून पोलादी फूटपट्टी त्यावर वरखाली फिरवू लागलो. हाताला लय सापडली. त्या लयीत मी पट्टा जरा जोरात ओढला असणार. कडी वाकली आणि दाराच्या चौकटीत रुतून बसली. ती सोडवायची कशी या विचारात असतानाच आतून पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला, आणि माझ्या लक्षात आलं की आत सासरे आहेत.

सुतार येईपर्यंत निम्मी इमारत आमच्याकडे जमली. समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ सर्वांत आधी आले. त्यांना सगळे तज्ज्ञ म्हणतात, कारण त्यांचं कुठल्याही विषयात मत तयार असतं. त्यांनी दाराचं निरीक्षण केलं आणि विजेवर चालणाऱ्या दाढीच्या मशिनाचे फायदे सांगायला सुरुवात केली. मशीन असतं तर पट्टा लागला नसता, पट्टा नसता तर कडी वाकली नसती, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्द्यात खोट नव्हती, हेच जास्त लागलं. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंनी दाराला तोंड लावून सासऱ्यांना श्वास नीट येतोय का ते विचारलं. आतून उत्तर आलं की श्वास येतोय, पण बाहेर जे बोलणं चाललंय ते ऐकवत नाही. सुताराने कडी कापली. सासरे टॉवेल खांद्यावर टाकून शांतपणे बाहेर आले, गर्दीकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता खोलीत गेले. त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

अशात माझी दाढी वाढत होती. ऑफिसात साहेबांनी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून हळूच विचारलं. ज्यांचे दावे मी तपासत होतो ते लोक माझ्याशी आदराने बोलू लागले, आणि दोघांनी तर आपणहून दावे मागे घेतले. तेवढ्यात पार्सल ऑफिसचा निरोप आला की तुमचं पार्सल आलेलं आहे आणि अडवलेलं आहे.

खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की आत धारदार वस्तू आहे. मी म्हटलं, वस्तरा आहे, धारदार असणारच. त्यांनी तो धंद्यासाठी आहे की स्वतःसाठी ते विचारलं. धंद्यासाठी असेल तर परवाना दाखवा. स्वतःसाठी म्हटल्यावर त्यांनी आणखी बारकाईने बघितलं आणि ओळखपत्र मागितलं. मी ते दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, फोटो पुन्हा बघितला. फोटोतला माणूस गुळगुळीत होता.

"हे तुम्ही नाही," त्या म्हणाल्या.

मी समजावलं की हा मीच आहे, फक्त दाढी वाढलेली आहे. त्यांनी दाढी करून या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, दाढी करायचा वस्तरा तुमच्याकडे आहे. त्या म्हणाल्या की जगात दुसरेही रेझर मिळतात. मिळतात, पण मी घरात जाहीर केलं होतं, आणि तेही सासऱ्यांसमोर. हे सरकारी खिडकीतून समजावून सांगण्यासारखं नव्हतं. मी स्वतः रोज लोकांना कागद अपुरे आहेत म्हणून परत पाठवतो. समोरचा माणूस तेव्हा जसा बघत उभा राहतो, अगदी तसाच मी उभा राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या की तुम्हाला चांगला ओळखणारा कोणी वडीलधारा माणूस घेऊन या, मग साहेब बघतील.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती निघायला तयार झाली. पण तिलाही परवापासून वेगळीच काळजी लागली होती. छापखान्याने जुन्या लोकांचा मेळावा ठरवला होता, त्यात सासऱ्यांचा सत्कार होता, फोटो निघणार होते, आणि सासरे येत नाही म्हणून बसले होते. कारण सांगत नव्हते, पण जाता येता आरसा चुकवत होते. आम्ही दोघं हळू आवाजात हे बोलत असतानाच ते खोलीतून बाहेर आले. त्यांनी चपला घातल्या होत्या.

"ओळख पटवायला बायको चालणार नाही," ते म्हणाले. "वडीलधारा म्हणालेत ना? चला."

टॅक्सीत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मी माझ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघितलं. पार्सल ऑफिसात दोन दाढीवाले शेजारी शेजारी उभे राहिल्यावर बाईंनी थेट साहेबांनाच बोलावलं. साहेब सडपातळ, नीटनेटके, गाल आरशासारखे. त्यांनी सासऱ्यांना विचारलं की या गृहस्थांना तुम्ही ओळखता का?

सासऱ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. एखादं पान छपाईला सोडायचं की परत पाठवायचं, हे ठरवताना ते असेच बघत असणार.

"ओळखावं लागतं," ते म्हणाले. "माझे जावई आहेत."

साहेबांना हे पुरेसं वाटलं. माझा अर्ज ते पुढे ओढत होते, तोच त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी अस्वस्थ झालो की अजूनही कोटाचा खिसा चाचपतो, पाइप आहे की नाही ते बघायला. साहेब थांबले आणि त्यांनी सासऱ्यांच्या हाताकडे बघितलं. तोही खिशावरच होता.

"कधी सोडलात?" त्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांचा दिवस सांगितला. मग साहेबांनी खुर्ची ओढली आणि स्वतःची कथा सांगितली. त्यांचाही पाइप बायकोने असाच नाहीसा केला होता, आणि त्यानंतर काही दिवस त्यांनी ऑफिसातली सगळी कुलुपं उघडून तेल घातलं होतं. आता घरी त्यांच्याकडे ब्रशच तीन आहेत. साबण कुठला वापरता, पाणी किती गरम घेता, फेस वाडग्यात करता की गालावर, यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. खिडकीपाशी रांग वाढली. रांगेतल्या लोकांना बहुतेक वाटलं की काहीतरी मोठं प्रकरण चाललंय. सासरे सगळं ऐकत होते. निघताना त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं की फेस गालावरच करावा, वाडग्यात तो थंड होतो. साहेबांनी मान डोलावली. मी हातात पार्सल घेऊन दारात उभा होतो आणि आमच्या घरात इतका अनुभवी माणूस असताना मी एकटाच सरबत घोटत बसलो होतो, या विचाराने माझं मन भरून आलं. थोडा रागही आला.

वस्तरा सुंदर होता. त्याने मी पहिला फुगा सोलला. म्हणजे फुग्याला फेस लावून तो न फोडता सगळा फेस उतरवायचा, असा सराव असतो. फुगा फुटला आणि फेस छतापर्यंत गेला. तिथून तो थेंबाथेंबाने सासऱ्यांच्या वर्तमानपत्रावर पडत राहिला. त्यांनी पान उलटलं. दुसरा फुगा फुटला. तिसरा टिकला, पण तो टिकल्याच्या आनंदात मी खुर्चीवर आपटलो तेव्हा तो खुर्चीवरच होता. शेवटी मी स्वतःच्या गालाकडे वळलो.

त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. दंतवैद्य बाई रोज कापूस घेऊन यायच्या आणि वस्तरा तीस अंशाच्या कोनात धरायचा असतो असं सांगायच्या. तुम्हाला कसं माहीत विचारल्यावर म्हणाल्या, कापणं सगळीकडे सारखंच. तज्ज्ञांनी आपलं मशीन आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि हवं तेवढे दिवस वापरा म्हणाले. मी ते पुसून परत केलं. ऑफिसात मी हनुवटीला कागदाचे तुकडे चिकटवून जायचो. ज्यांनी दावे मागे घेतले होते ते परत आले. पण मी सोडलं नाही. रोज सकाळी पाणी, ब्रश, फेस, पट्टा, वस्तरा. एकदा कागदाचा एकच तुकडा लागला. एकदा एकही लागला नाही, आणि त्या दिवशी मी बायकोला न मागता गाल दाखवला. तिने बोट फिरवून बघितलं आणि ती काही बोलली नाही. आमच्या घरात ही शाबासकी समजतात.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी पुन्हा सांगितलं की मी येत नाही. बायको खोलीत जाऊन समजावून आली. रडवेली होऊन आली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी जे रोज करतो तेच केलं. गॅलरीत उजेड छान होता. मी तिथे टेबल ओढलं, पाणी ठेवलं, पट्टा गॅलरीच्या दाराला मुद्दाम बसवून घेतलेल्या नव्या कडीला अडकवला आणि वस्तरा पाजळू लागलो. खुर्ची एकच टाकली होती, माझी. थोड्या वेळाने सासरे आले आणि त्या खुर्चीत बसले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या इमारतीकडे बघत होते. मांडीवर त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले होते, तरी थरथरत होते.

"फेस गालावर करा," ते म्हणाले.

मी टॉवेल गुंडाळला. ब्रश भिजवला. त्यांच्या गालावर तो गोल गोल फिरवताना त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावायची मला सवय नाही, आणि इतक्या वर्षांत मी सासऱ्यांना कधी वाकून नमस्कार करण्यापलीकडे स्पर्श केलेला नव्हता. त्यांची कातडी पातळ होती आणि कल्ल्यापाशी एक जुना व्रण होता, तोही वस्तऱ्याचाच असावा. मी उजवीकडून सुरुवात केली. वस्तरा केसांवरून जाताना बारीक कुरकुर होत होती. ती सोडली तर काही आवाज नव्हता. मी फेसाची एक पट्टी उतरवायचो, वस्तरा पुसायचो, त्यांची हनुवटी दोन बोटांनी वळवायचो, ते वळवू द्यायचे. घाई कोणालाच नव्हती.

घाई बायकोला होती. तिने टॅक्सी बोलावली होती. तिने दारातून सांगितलं की टॅक्सी खाली उभी आहे आणि कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली. मी हात थांबवला. सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत.

"थांबू दे," ते म्हणाले.

टॅक्सी थांबली. पहिली गेलीही आणि दुसरी आली. आम्ही पोचलो तेव्हा भाषणं संपली होती आणि मागच्या रांगांतल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. पण फोटो व्हायचे होते. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना मधोमध बसवलं. फोटोवाला दर वेळी तोंड सरळ करा म्हणत होता आणि सासरे दर वेळी उजवा गाल पुढे करत होते. मला वाटलं, त्यांची ती बसायची पद्धत असेल.

परतीच्या टॅक्सीत बायको मध्ये बसली होती आणि दिवसभराच्या धावपळीने लगेच पेंगायला लागली. सासरे खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी डाव्या गालावरून, कानापासून जबड्यापर्यंत, थरथरता हात सावकाश फिरवला. जबड्याच्या कडेला खुंट राहिले होते तिथे तो थांबला, पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. मी बघत होतो. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"उद्या डावीकडून सुरुवात करा," ते म्हणाले.